लांबचं जवळ आणायचंय? आधी उजेड मोजा!

शनिवारची दुपार. जेवण झालेलं, डोळा लागतोय न लागतोय तोच फोन वाजला. ऑफिसातली ज्युनिअर मैत्रीण. आवाजात दुकानातली गडबड.

"दादा, पटकन सांग. हजार रुपये जास्त दिले तर २००च्या ऐवजी ३०० मिळतेय. घेऊन टाकू?"

"काय ३००?"

"लेन्स रे! टेलिफोटो झूम! दुकानदार म्हणतोय, चंद्रावरचे खड्डे दिसतील."

"काहीही घेऊ नकोस. बाहेर ये, चहा पी. मी पोचतोय."

तर मंडळी, शनिवारची झोप गेली, पण त्याबदल्यात आजचा कॉलम मिळाला. कारण हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. कॅमेरा घेतला, सोबत आलेल्या १८-५५ लेन्सवर घरातल्या कुंड्या, मांजर आणि बिल्डिंगमधली सगळी पोरं टिपून झाली, की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात प्रत्येकाला एकच खाज सुटते. लांबचं जवळ आणायचंय! आणि खिशात असतात फार तर दहा हजार.

आत्ता डीएसएलआर? हो, आत्ताच!

कुणी म्हणेल, डीएसएलआरचा जमाना गेला की. खरं आहे. २०१८मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही मिररलेससाठी नवे माउंट आणले आणि तेव्हापासून सगळा ओढा तिकडेच आहे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की मिररलेसवर उडी मारणाऱ्या मंडळींच्या चांगल्या, नीट वापरलेल्या लेन्सेस सेकंड हँड बाजारात येऊन पडल्यात. हौस आहे पण ईएमआय नकोय, अशांसाठी हे सुगीचे दिवस आहेत. आमच्या मैत्रिणीनेही गेल्या दिवाळीत निकॉन डी३४०० असाच, सेकंड हँड उचलला.

आता टपरीवर बसून मी तिला पहिला प्रश्न विचारला. लेन्सचा नाही. "फोटो कशाचे काढायचेत?"

"जानेवारीत ग्रुपबरोबर भिगवणला जायचंय. फ्लेमिंगो! आणि..." ती जरा थांबली. "धाकटी बहीण कबड्डी खेळते. फेब्रुवारीत तालुक्याला मॅचेस आहेत. ती बारावीला आहे ना, पुढच्या वर्षी खेळू द्यायचं की नाही यावर घरात रोज वादावादी चालू आहे. म्हटलं, यंदाचे फोटो तरी नीट असू देत."

"मॅचेस किती वाजता?"

"संध्याकाळी सात. लाइट्स लावतात."

बस्स. इथेच सगळा हिशोब बदलला. पण तिला तो कळावा म्हणून मला आधी माझी एक जुनी फजिती सांगावी लागली. तुम्हालाही सांगतो.

माझ्या आत्याचा धूसर फोटो

माझी आत्या बरीच वर्षं वारी करायची. डोक्यावर तुळस, पायात साध्या चपला. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. वळणावळणाचा रस्ता माणसांनी भरून गेलेला असतो आणि वरच्या टेकाडावर उभं राहून लांबच्या लेन्सने पाहिलं, तर ती सगळी माणसं एकमेकांना खेटून, एकच भगवी-पांढरी नदी वर चढतेय असं दिसतं. टेलिफोटोची ही खासियत. ती लांबचं नुसतं मोठं करत नाही. आपण लांब उभे असतो म्हणून पुढचं आणि मागचं यातलं अंतरही गिळल्यासारखं दिसतं.

तर मी नवीकोरी ३०० एमएमची स्वस्त झूम घेऊन टेकाडावर. कुठल्या कंपनीची ते राहू द्या, बिचारीचा दोष नव्हता. आत्या वळणावर दिसली. मी झूम पार टोकाला नेली आणि धडाधड चाळीस फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहतो तर चाळीसच्या चाळीस हललेले!

झालं काय होतं? आषाढाचं आभाळ. ढग असे उतरलेले, की भरदुपारी दिवे लावावेत. लेन्समध्ये हात हलल्याची भरपाई करणारी सोय नव्हती. आणि साहेबांनी कॅमेरा सकाळी घरून निघताना ठेवलेल्या आयएसओ २००वरच ठेवलेला! शटर मिळाला १/६०. त्या लेन्सला हातात धरून लागत होता साधारण १/५००. आयएसओ १६०० केला असता तर तेवढा मिळाला असता. फोटोत थोडे दाणे आले असते, पण आत्या आली असती.

पुढच्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी संप केला. त्यानंतर ती घाट चढली नाही. त्या चाळीसपैकी जरा बरा एक फोटो तिने हट्टाने फ्रेम करून घेतलाय. आल्यागेल्याला हिरव्या पातळाच्या एका पुसट डागावर बोट ठेवून सांगते, "ही मी." मी तेव्हा स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातो.

म्हणून सांगतो, दुकानात गेल्यावर आपण सगळे विचारतो, "किती लांबचं दिसेल?" विचारायला हवं, "किती उजेडात दिसेल?"

आकड्यांचं गौडबंगाल

लेन्सवर दोन प्रकारचे आकडे असतात. पहिले ५५-२००, ५५-२५०, ७०-३०० वगैरे. हे अंतराचे. साध्या डीएसएलआरचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, त्यामुळे निकॉनवर हा आकडा दीडपट आणि कॅननवर १.६पट असल्यासारखं चित्र मिळतं. म्हणजे निकॉनवर २०० एमएम म्हणजे ३००चा परिणाम, कॅननवर २५० म्हणजे ४००चा. आपल्यासारख्या हौशी माणसाला हे कमी नाही.

हातात धरून काढताना शटरचा सोपा ठोकताळा असा : जितका परिणामी आकडा, तितक्याव्या भागाच्या सेकंदाने तरी शटर पडायला हवा. ४००चा परिणाम, तर १/४००. याहून हळू गेलात की तुमच्या हाताचा कंप फोटोत उतरलाच.

दुसरा आकडा एफचा. स्वस्त झूमवर तो बहुतेक वेळा एफ/४-५.६ असा लिहिलेला असतो. म्हणजे झूम जवळ असताना एफ/४ आणि टोकाला नेली की एफ/५.६. आकडा मोठा होतो, तसं भोक लहान होतं. जिथे आपल्याला सर्वांत जास्त उजेड हवा असतो, नेमकी तिथेच लेन्स सर्वांत कमी उजेड आत घेते! स्वस्त झूमचा खरा कंजूषपणा हा. एफ/२.८ची झूम याच्या चौपट उजेड घेते, पण ती ७०-२०० साधारण दीड किलोची असते आणि तिची किंमत ऐकून आपण दुकानदाराला फक्त "थँक यू" म्हणतो.

व्हीआर, आयएस आणि एक गैरसमज

हाताच्या कंपावर उतारा म्हणजे लेन्समधली स्थिर करणारी यंत्रणा. निकॉन तिला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, टॅमरॉन व्हीसी आणि सिग्मा ओएस. आत काचेचा एक गट असतो, तो तुमच्या हाताच्या उलट दिशेला सरकून चित्र जागेवर धरतो. कंपन्या तीन-चार स्टॉपचा फायदा सांगतात. म्हणजे १/४००च्या जागी १/५०, कधी त्याहूनही हळू.

माझं स्पष्ट मत : बजेट लेन्समध्ये ही सोय नसेल, तर ती लेन्स कितीही लांबची असो, घेऊ नका. शंभर एमएम कमी मिळाले तरी चालतील, स्थिरता सोडू नका.

पण गैरसमज हा, की व्हीआर असलं म्हणजे सगळं थांबतं. छे! ते *तुमचा* हात थांबवतं. समोर चढाई करणारी पोरगी थांबवत नाही! धावणाऱ्या माणसाला गोठवायला १/५०० तरी लागणार आणि त्यासाठी उजेड हवाच.

बाजारात काय शोधाल?

कॅननवाल्यांचं सोपं आहे. ५५-२५० एफ/४-५.६ आयएस. पहिली २००७ची, दुसरी आयएस टू २०११ची आणि तिसरी आयएस एसटीएम २०१३ची. एसटीएम मिळाली तर डोळे मिटून घ्या. फोकस झटकन आणि जवळजवळ आवाज न करता होतो, ८५ सेंटिमीटरवरची वस्तूही टिपते आणि वजन जेमतेम ३७५ ग्रॅम. ७५-३०० नावाची लेन्स स्वस्तात समोर येईल, ३००चा आकडा भुरळही घालेल. पण तिच्या ७५-३०० थ्री या नेहमी दिसणाऱ्या मॉडेलमध्ये आयएस नाही, हे लक्षात ठेवा.

निकॉनवाल्यांनो, तुम्ही मात्र जरा सावरून बसा.

एक : डी३०००, डी५००० या मालिकांच्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. ती लेन्समध्येच हवी. म्हणून लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी ही अक्षरं शोधा. नुसतं एएफ लिहिलेली जुनी ७०-३०० फार स्वस्तात मिळते, पण या बॉडीवर तिचा फोकस तुम्हाला हाताने फिरवत बसावं लागेल. फ्लेमिंगो तोवर सायबेरियाला... असो.

दोन : ५५-२०० वेगवेगळ्या रूपांत आहे. २००५ची व्हीआरशिवाय, २००७ची व्हीआरसकट. दिसायला बहिणी-बहिणी. लेन्सवर व्हीआर ही दोन अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. त्याच घरातली ५५-३०० व्हीआर २०१०ची. जरा जड, पण पल्ला मोठा.

तीन : २०१६ची एएफ-पी डीएक्स ७०-३०० झकास आहे. हलकी, वेगवान. पण तीही दोन प्रकारांत येते, एक व्हीआरवाली आणि एक बिनाव्हीआरची! शिवाय एएफ-पी सगळ्या बॉडींवर चालत नाही. डी३४००वर सरळ चालते, डी३३०० आणि डी५३००ला फर्मवेअर अपडेट लागतं आणि डी९०, डी३०००, डी३१०० यांसारख्या जुन्या बॉडींवर तिचा फोकसच होत नाही.

आणि हो, उद्या मिररलेस घ्यायचा विचार असेल तरी हे पैसे वाया जात नाहीत. कॅननच्या या लेन्सेस ईएफ-आरएफ अ‍ॅडॉप्टरवर आणि निकॉनच्या एएफ-एस, एएफ-पी लेन्सेस एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकससह चालतात. फक्त मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर त्या मधल्या छोट्या चौकटीपुरत्याच वापरल्या जातात.

मग तिनं काय घेतलं?

चहाचा दुसरा कप संपेस्तोवर आम्ही कागदावर हिशोब मांडला.

भिगवण म्हणजे उजनीचं बॅकवॉटर. सकाळचं ऊन, मोकळं पाणी, होडी. उजेडच उजेड! फ्लेमिंगो उंच पक्षी आणि थव्याने उभे. निकॉनवर २०० एमएम म्हणजे ३००चा परिणाम. एका पक्ष्याच्या डोळ्यातली चमक नाही मिळणार, पण गुलाबी थवा, त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब आणि धुक्यातून निघणारी होडी, हे सगळं आरामात मिळेल. ३०० असती तर बरंच होतं. पण नसली तर ट्रिप वाया जात नाही.

कबड्डीचं उलट. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटर. बाजूला उभं राहायला मिळालं तर पोरी तुमच्यापासून चार-पाच पावलांवर असतात. लांबच्या लेन्सची गरजच नाही! गरज आहे उजेडाची. तिथे एफ/५.६ची झूम घेऊन गेलीस तर बहीण नाही, बहिणीचं भूत येईल. एफ/१.८ची ५० एमएम लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड घेते. दहापट! दिव्यांच्या प्रकाशात जिथे झूमला १/५० मिळतो, तिथे हिला १/५००.

म्हणजे दहा हजारांत एक ३००ची झूम घ्यायची, की स्वस्तातली ५५-२०० व्हीआर आणि सोबत एक ५० एमएम?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण दादा, ग्रुपमध्ये सगळ्यांकडे ३००च्या वर आहेत रे. एकाकडे तर ६००."

हा खरा प्रॉब्लेम! लेन्स आपण पक्ष्यांसाठी घेतो असं म्हणतो, पण अर्धी शेजारच्या होडीतल्या माणसासाठी घेतो. मी काही बोललो नाही. तिनेच कागदाची घडी घातली आणि आम्ही पुन्हा दुकानात शिरलो.

५५-२०० व्हीआर आणि ५० एमएम एफ/१.८जी, दोन्ही सेकंड हँड. बजेटच्या वर नऊशे रुपये गेले. दुकानदाराचा चेहरा पडला, चंद्रावरचे खड्डे राहिले.

सेकंड हँड घेताय? हे कराच!

- मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या की ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वापरलेल्या लेन्समध्ये हमखास बघा. कितीही स्वस्त असली तरी नमस्कार करून परत द्या. चार धुळीचे कण मात्र चालतात.
- स्वतःचा कॅमेरा आणि कार्ड घेऊन जा. झूम पूर्ण जवळ आणि पूर्ण लांब, दोन्हीकडे दहा-दहा फोटो काढा. स्क्रीनवर मोठे करून मध्य आणि चारही कोपरे बघा. एकच कोपरा सतत धूसर असेल तर लेन्स आपटलेली असू शकते.
- झूमच्या टोकाला जाऊन शटर बटण अर्धं दाबा. व्हीआर किंवा आयएस चालू असेल तर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र एकदम शांत झालेलं दिसतं. नाही झालं तर प्रश्न विचारा.
- झूम आणि फोकसची रिंग फिरवून बघा. मधेच अडकते, करकरते? नको.
- मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट स्वच्छ हवेत.
- घरी आणलीत की हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच. चामड्याच्या बॅगेत वर्षभर कोंडून ठेवणं म्हणजे बुरशीला घर भाड्याने देणं!

आणि शेवटी...

जानेवारीत ती भिगवणला जाऊन आली. मी सांगितलेल्या दोन गोष्टी तिने पाळल्या. पहिली, होडी हलते म्हणून शटर १/१०००च्या खाली आणायचा नाही, लागला तर आयएसओ चढवायचा. दुसरी, काम सकाळी लवकर उरकायचं. ऊन तापलं की पाण्यावरची हवा लवलवायला लागते आणि मग लाखाची लेन्सही धूसरच दाखवते. तिसरी गोष्ट तिची तिनेच केली. होडीवाल्याला "दादा, थवा उडवू नका, बसू देत त्यांना" म्हणून सांगितलं. ६००वाले जरा नाराज झाले म्हणे.

फ्लेमिंगो छान आलेत. थोडे लांब आहेत, पण छान आहेत.

फेब्रुवारीतल्या एका रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला. नुसता फोटो, खाली काही लिहिलेलं नाही. बहीण चढाईवर, एक पाय हवेत, डावा हात बोनस रेषेच्या पलीकडे ताणलेला, वेणी आडवी उडालेली. मागचे दिवे पसरून गोल गोल झालेले. चेहरा मात्र लख्ख! कपाळावरचा घामसुद्धा मोजून घ्यावा.

मी विचारलं, "जिंकल्या का?"

"हरल्या. दोन पॉइंटने. पण बाबांनी हा फोटो मागून घेतला आणि स्वतःच्या मोबाईलवर ठेवलाय. काहीच बोलले नाहीत. नुसताच ठेवलाय."

घरातल्या वादावादीचा निकाल अजून लागलेला नाही. तो काही लेन्सच्या हातात नसतो. पण निदान पुरावा तरी धूसर नाही!

यंदा आषाढात मी पुन्हा दिवे घाटात जाणार आहे. आयएस असलेली लेन्स, आयएसओ १६००, सगळं सांभाळून. आत्या नसेल, ती सासवडला बहिणीच्या ओट्यावर खुर्ची टाकून पालखीची वाट बघत बसेल. म्हणजे घाट झाला की मलाही तिकडेच जायचंय. ती खुर्ची रस्त्यापासून चार पावलांवर असते. झूम बॅगेतच राहील.

तर दोस्तांनो, कपाटातला डीएसएलआर बाहेर काढा, कागद-पेन घ्या आणि आधी लिहा : कशाचा फोटो, किती वाजता, किती उजेडात. लेन्सचं नाव त्या कागदावर आपोआप उमटेल. आणि दुकानदार चंद्र दाखवायला लागला, तर आधी बाहेर येऊन चहा प्या!